टिपणीसबाईंची हजेरी

पनवेलच्या शिक्षणक्षेत्राला प्रमिलाताई टिपणीस हे नाव कधीही विसरता येणार नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. एखादं नाव विसरायचं तर आधी ते कोणीतरी घ्यावं लागतं, आणि गावात ते कोणी घेत नसे.

माझी त्यांची ओळख बी.एड.च्या वर्गात झाली. त्या वेळी मी शिक्षक होतो आणि त्या इयत्ता पाचवीत होत्या.

हे जरा समजावून सांगायला हवं. बी.एड.च्या पहिल्या काही महिन्यांत होतकरू शिक्षकांच्या हाती खरी मुलं देत नाहीत. त्यामागे मुलांची काळजी असावी. त्यामुळे आम्ही एकमेकांनाच शिकवत असू. एकाने फळ्यापाशी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी पाचवीतली मुलं व्हायचं. एम.ए. झालेले, मिशा ठेवलेले, एखाददुसरे तर घरी स्वतःचं पाचवीतलं मूल असलेले लोक बाकावर हाताची घडी घालून बसायचे. या प्रकाराला एक शिस्त होती. पाठाच्या टाचणात डावीकडे शिक्षकाचा प्रश्न असे आणि उजवीकडे ‘अपेक्षित उत्तर’. हे टाचण आदल्या दिवशीच वर्गभर फिरायचं. आज मी तुला अपेक्षित उत्तर द्यायचं, उद्या तू मला. मागच्या बाकावर बसून प्राध्यापक गुण देत, आणि राष्ट्राची भावी पिढी घडवण्याचं काम कुणालाही त्रास न होता चाललं होतं.

त्यात मी अपूर्णांक शिकवायला उभा राहिलो.

“एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश?” मी विचारलं. बोटं वर झाली. पहिल्या बाकावरचं बोट सगळ्यांत उंच होतं, म्हणून मी तिकडे पाहिलं. चाळिशी ओलांडलेल्या एक बाई. जाड भिंगांचा चष्मा, इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर पदराला दोन पिना.

“एक अष्टमांश,” त्या म्हणाल्या.

“का बरं?”

“आठ मोठे असतात ना चारापेक्षा.”

वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांचे डोळे किंचित विझले होते, तोंड अर्धवट उघडं होतं आणि पेनाचं टोपण दातांत होतं. मी फळ्यावर दोन भाकऱ्या काढल्या. एकीचे चार तुकडे केले, दुसरीचे आठ.

“आता कळलं?”

“हो.”

“मग कोणता मोठा?”

“अष्टमांश. त्यात तुकडे जास्त आहेत.”

घंटा झाली तेव्हा माझ्या फळ्यावर पाच भाकऱ्या, दोन कलिंगडं आणि एक चॉकलेट होतं, आणि पाठ प्रस्तावनेतच संपला होता. बाहेर व्हरांड्यात त्या माझ्याजवळ आल्या. चेहरा पुन्हा चाळिशीचा झाला होता.

“छान शिकवलंत,” त्या अगदी मनापासून म्हणाल्या. “मला काही कळलं नाही.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते त्यांनी आमच्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी ऐकवलं. लोक त्यांना टाळू लागले. आमच्यात उरणकडचा नारायण कोळी होता, विज्ञानवाला. तो पाठाच्या आदल्या दिवशी त्यांच्यासाठी पेरू घेऊन आला.

“ताई, तुमी उद्या आजारी पडा ना जरा.”

“का रे? पाठ कच्चा आहे?”

“पाठ पक्का हाय. म्हनून तर.”

ताईंनी पेरू खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर येऊन बसल्या. झाडं रात्री काय सोडतात, असं नारायणने विचारलं. त्या म्हणाल्या, “पानं.”

त्या खोडसाळ होत्या असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. खोडसाळ माणूस हळूच इकडेतिकडे बघतो, आपल्या उत्तरावर कोण हसलं ते पाहतो. ताई फक्त फळ्याकडे बघत असत, आणि तिथून काहीतरी समजण्यासारखं येईल म्हणून खरोखर वाट पाहत असत. मी बरीच पुस्तकं वाचून बी.एड.ला आलो होतो. न कळणं इतकं प्रामाणिकपणे करता येतं, हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य एका शब्दाचं होतं. “कशावरून?” तो प्रश्न त्या सगळ्यांना आणि सगळीकडे विचारत. एसटी स्टँडवर खिडकीतला माणूस म्हणाला, “पेण गाडी अजून लागली नाही.” त्या म्हणाल्या, “कशावरून?” त्याने वैतागून मान बाहेर काढली, तर गाडी समोर उभी होती. आमच्या प्राचार्यांनी एकदा सांगितलं की शिक्षक हा समाजाचा शिल्पकार आहे. ताईंचं बोट वर गेलं. प्राचार्यांनी ते पाहिलं आणि त्या दिवशीचं व्याख्यान दहा मिनिटं आधी संपवलं.

पुढे खऱ्या शाळेत पाठ सुरू झाले. ताई आता चमकतील, असं मला वाटलं. त्या चमकल्या नाहीत. “कळलं?” असं विचारल्यावर साठच्या साठ माना डोलल्या की आम्ही सुटलो म्हणून पुढे जात असू. ताई शेवटच्या बाकापर्यंत चालत जायच्या आणि तिथे सगळ्यांत जोरात मान डोलवणाऱ्या पोराला म्हणायच्या, “मग तू सांग.” तो सांगेपर्यंत उभ्या राहायच्या. पस्तीस मिनिटांच्या तासात त्या कधी दुसऱ्या प्रश्नावर पोचल्या नाहीत. त्यांच्या निरीक्षण पत्रकावर नेहमी दोन शेरे असत. एक, वेळेचं नियोजन नाही. दोन, हेतुकथन झालं नाही. हेतुकथन म्हणजे ‘आज आपण अमुक घटक शिकणार आहोत’ हे वाक्य. ते म्हणून फळ्यावर लिहिल्याशिवाय पाठ सुरू झाला असं बी.एड.मध्ये धरत नाहीत. मुलांना काही आलं असलं तरी धरत नाहीत.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. आमचे पाठ तिसऱ्या तासाला असायचे आणि ताई मात्र शाळा भरताना हजर असायच्या. प्रार्थना झाली की वर्गाच्या बाहेर खिडकीला टेकून उभ्या राहायच्या. आत वर्गशिक्षिका हजेरी घेत असायच्या. एक. हजर बाई. दोन. हजर बाई. ताई डोळे मिटून ऐकायच्या, एखादीने रेडिओवर आवडतं गाणं ऐकावं तशा.

“यात ऐकण्यासारखं काय आहे?” मी एकदा विचारलं.

“किती छान असतं ना,” त्या म्हणाल्या. “आपण नुसता आकडा म्हणायचा. की कुणीतरी म्हणतं, मी आहे.”

“मग एक दिवस तुम्हीच घ्या.”

“पाठवाल्यांना मस्टरला हात लावू देत नाहीत,” त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांनी विचारून पाहिलं होतं.

मी नवीन पनवेलचा. आम्ही सेक्टरात राहणारी माणसं, वडिलांची बदली झाली म्हणून साताऱ्याहून आलेलो. रेल्वे येणार, पूल होणार, भाव वाढणार, अशा बोलण्यावर आमची कॉलनी उभी होती. गावात कोण कुणाचं कोण लागतं, हे आम्हाला ठाऊक नसायचं. कॉलेज सुटल्यावर मी ताईंबरोबर मिरची गल्लीतून टपाल नाक्यापर्यंत चालत जायचो. तिथे मला एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. ताई येताना दिसल्या की लोकांना कामं सुचायची. कापडवाला एकदम वरच्या फळीवरचं ठाण काढायला वळे. केमिस्ट खाली वाकून खोकी मोजू लागे. बँकेतला एक तरुण अधिकारी तर एकदा सायकलची न उतरलेली चेन बसवत बसला. त्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. फक्त कोणी वर बघत नव्हतं. ताईही कुणाकडे न बघता सरळ चालायच्या, परीक्षेच्या हॉलमधून पर्यवेक्षक चालतात तशा.

या बाईंनी गावाचं काय केलं होतं, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. एका टाचणासाठी गेलो होतो. तळ्याच्या बाजूला एका बैठ्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. मी पुढचं दार वाजवलं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग कडी निघाली, ती गंजलेली असावी, कारण ताईंना दोन्ही हात लावावे लागले.

“इकडून कशाला आलात?” त्या म्हणाल्या. “पुढच्या दाराने फक्त पोस्टमन येतो.”

आत सतरंजीवर सात-आठ मुलं बसली होती. त्यांनी मला पाहून पाटीत, वहीत, जमेल तिथे तोंड लपवलं. मागच्या दाराशी त्यांच्या चपला होत्या, पण दाराच्या आत, एका गोणपाटावर नीट मांडून ठेवलेल्या.

“चपला आत कशाला?”

“बाहेर ओळखू येतात,” ताई म्हणाल्या.

वीस-बावीस वर्षं त्या शिकवण्या घेत होत्या. हुशार मुलांच्या नव्हे. हुशार मुलांचे क्लास वेगळे होते, त्यांच्या पाट्या होत्या आणि निकालानंतर त्यांचे फोटो लागायचे. ताईंकडे यायची ती नापास झालेली, होण्याच्या बेतात असलेली, वर्गात ज्यांना ‘ढ’ म्हणायचे ती. आपलं मूल टिपणीसांकडे जातं हे शेजारी कळू नये, याची आया फार काळजी घ्यायच्या. कुणी विचारलं तर ‘मावशीकडे जातो’ असं सांगायचं, हे मुलांना पढवलेलं असायचं. त्यामुळे अर्ध्या पनवेलला एक मावशी होती आणि ती एकच होती. मुलं मागच्या दाराने यायची, पास व्हायची, आणि पास झाल्यावर पुन्हा त्या बाजूला फिरकायची नाहीत. कापडवाला, केमिस्ट, बँकेतला अधिकारी, सगळे त्या सतरंजीवर बसून गेले होते. त्यांना भर रस्त्यात ओळख दाखवायची म्हणजे आपण एके काळी ढ होतो, हे भर रस्त्यात सांगायचं.

“वाईट नाही वाटत?” मी विचारलं.

“कशाचं? पास झाली ना पोरं.” मग चहाचं आधण ठेवत म्हणाल्या, “मी आपण होऊन कुणाला हाक मारत नाही. ते बरं दिसणार नाही. आणि लग्न ठरलं की पेढे आणतात हं बरेच जण. मागच्या दाराने.”

भाकरीचे तुकडे, पानं सोडणारी झाडं, ही सगळी उत्तरं त्या सतरंजीवरची होती. ताईंनी त्यातलं एकही टाकलं नव्हतं.

शिकवण्या असूनही या वयात बी.एड. का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. वडील अंथरुणाला खिळून होते, तोवर घर सोडता येत नव्हतं. ते मागच्या वर्षी गेले. “मला एकदा शाळेत शिकवायचंय,” त्या म्हणाल्या. “घंटा, मस्टर, स्टाफरूम असलेल्या. आणि ही पोरं ‘मावशी’ म्हणतात ना, तसं नाही. बाई म्हणायला पाहिजे.” सतरंजीवरच्या एका पोराने मान वर करून विचारलं, “मावशी, हे किती?” त्या त्याच्याकडे वळल्या.

वर्षअखेरीला परिषद आली. शिक्षकांच्या व्यावसायिक विकासाची परिषद. तिचं पूर्ण नाव इतकं लांब होतं की कापडी फलक मंगल कार्यालयाच्या भिंतीवर मावला नाही आणि त्यातला ‘विकास’ खांबामागे गेला. जिल्हाभरातून तीनेकशे शिक्षक येणार होते. पुण्याहून एक तज्ज्ञ येऊन आदर्श पाठ घेणार होते. रविवार असल्यामुळे मुलं मिळणार नव्हती, म्हणून त्या पाठाला मुलं म्हणून आमच्यातल्या बारा जणांनी बसायचं होतं. आदर्श पाठानंतर एका भावी शिक्षकाला दहा मिनिटं मिळणार होती. आणि अध्यक्षस्थानी भाऊसाहेब असणार होते.

भाऊसाहेब एका शिक्षणसंस्थेचे सचिव होते. रेती-विटांच्या धंद्यातून ते शिक्षणाकडे वळले होते आणि नवीन पनवेलला त्यांची नवी शाळा उभी राहत होती. तिथे गणिताची एक जागा होती. ताईंच्या वयाला कुठलीही शाळा दारात उभी करत नव्हती. इथे निदान कुणीतरी त्यांना शिकवताना पाहणार होतं.

त्या प्राचार्यांकडे गेल्या. मी टाचणं द्यायला तिथेच उभा होतो.

“सर, ती दहा मिनिटं मला द्याल?”

प्राचार्यांनी चष्मा काढला. “ताई, तुमच्या पाठात दहा मिनिटांत काय होतं, ते मी पाहिलंय. तुम्ही बाकावर बसा. पण एक सांगतो. पुण्याचे पाहुणे आहेत. कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे. परवा फक्त अपेक्षित उत्तरं. एकसुद्धा इकडेतिकडे नाही.”

“बरं,” ताई म्हणाल्या. कशावरून, असं त्यांनी विचारलं नाही. मला ते जरा लागलं.

परिषदेच्या दिवशी आम्हाला वधूपक्षाच्या खोलीत बसवलं होतं, तज्ज्ञांना वरपक्षाच्या. छातीवर ‘भावी शिक्षक’ असे बिल्ले आणि त्याखाली एक ते बारा हजेरी क्रमांक, टाचणीने लावलेले. नारायण एक, मी पाच, ताई बारा. ताईंनी नवी साडी नेसली होती. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला, कारण भाऊसाहेब तासभर उशिरा आले. तीन भाषणांतून ज्ञानाचे दिवे लागले, आणि मधेच माईकवाल्याचा फ्यूज उडाल्यामुळे खरे दिवे गेले. मग तज्ज्ञ उठले. त्यांच्या पाठाचा विषय होता, ‘चुकीच्या उत्तराचे स्वागत’.

विद्यार्थी चुकला तर त्याच्या चुकीपासूनच शिकवायला कशी सुरुवात करावी, हे ते दाखवणार होते. त्यासाठी पारदर्शक कागदावर छापलेली चित्रं आणि ती पडद्यावर टाकणारं यंत्र त्यांनी पुण्याहून आणलं होतं. अडचण एवढीच होती की आम्हा बाराही जणांना बरोबर उत्तरं देण्याची सक्त ताकीद होती.

“पाच गुणिले शून्य?” तज्ज्ञांनी विचारलं.

“शून्य,” नारायण म्हणाला.

“छान. दुसरं कोणी? वेगळं उत्तर?”

“शून्य,” मी म्हणालो.

तज्ज्ञ सहाव्या क्रमांकाकडे गेले, सातव्याकडे गेले. शून्य. शून्य. त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला. “मुलांनो, चुकायला घाबरायचं नाही,” ते म्हणाले. “कोणाला काही वेगळं वाटतं का? अगदी काहीही?” आम्ही हाताची घडी घालून बसलो होतो. व्यासपीठावर, नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांपैकी एकीत, प्राचार्य बसले होते. त्यांचा चेहरा आपल्याच मुंजीत मंत्र विसरलेल्या मुलासारखा झाला होता. तज्ज्ञ त्यांच्याकडे वळून पाहू लागले. शेवटी प्राचार्यांनी पहिल्या बाकाकडे बघून मान हलवली, बुडणारा माणूस हात हलवतो तशी.

ताईंचं बोट वर गेलं.

“पाच,” त्या म्हणाल्या.

“शाब्बास!” तज्ज्ञ म्हणाले. इतक्या आनंदाने चुकीच्या उत्तराचं स्वागत मी पुन्हा कधी पाहिलं नाही. “कसे बरं पाच?”

“पाच होतेच की माझ्याकडे.”

“हो. पण आपण ते शून्य वेळा घेतले. म्हणजे घेतलेच नाहीत. बरोबर?”

“बरोबर.”

“मग किती उरले?”

“पाच,” ताई म्हणाल्या. “घेतलेच नाहीत, तर जागेवरच असतील ना, सर.”

सभागृह हसलं. तज्ज्ञांनी पडद्यावर टोपल्यांचं चित्र टाकलं. प्रत्येक टोपलीत पाच आंबे. तीन टोपल्या, दोन टोपल्या, एक टोपली. मग चित्रात एकही टोपली नाही.

“आता आंबे किती?”

ताईंनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. डोळे विझलेले, टोपण दातांत. “दिसत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण गेले कुठे?”

तज्ज्ञांनी तेच आणखी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा आधीपेक्षा मोठ्याने. मग त्यांनी रुमाल काढून मान पुसली. “बाई, तुम्ही भावी शिक्षक आहात,” ते बिल्ल्याकडे बघत म्हणाले. “असं उत्तर देणाऱ्या मुलाला तुम्ही कसं शिकवाल, ते तुम्हीच दाखवा. भावी शिक्षकाची दहा मिनिटं आहेतच, ती तुमची.” त्यांनी खडू पुढे केला आणि जाऊन खुर्चीत बसले.

ताई उठल्या. पदराच्या पिना चाचपल्या. व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढून फळ्यापाशी उभ्या राहिल्या. मी मनात म्हणालो, ताई, हेतुकथन. एक वाक्य म्हणा आणि फळ्यावर लिहा, बाकी काही नाही. पाठ सुरू झाला असं तरी धरतील. भाऊसाहेब व्यासपीठावरच आहेत.

त्यांनी फळ्याकडे पाहिलंच नाही. त्या समोर बघत होत्या. तीनशे माणसांचा वर्ग त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

“एक,” त्या म्हणाल्या.

कुणालाच कळलं नाही. मग नारायण उभा राहिला. “हजर बाई.”

“दोन.”

“हजर बाई.”

अशी आमची हजेरी झाली. पाचला मी उठलो. बाराला कुणीच उठलं नाही, कारण बारा त्या स्वतः होत्या. “बारा आहे,” त्या म्हणाल्या. लोक हसले. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

“तेरा,” ताई म्हणाल्या.

आता मोठाच हशा झाला. बाईंचा हिशेब चुकला, असं सगळ्यांना वाटलं. ताई थांबल्या. शेवटच्या बाकावरच्या पोरासमोर थांबायच्या तशाच, न हसता, न रागावता, जणू वेळ भरपूर आहे. हशा विरला. पंख्यांचा आवाज येऊ लागला.

अगदी मागच्या रांगेत एक जाड मिशांचे गृहस्थ उठून उभे राहिले. ते कुठल्यातरी शाळेत चित्रकला शिकवत असावेत, शर्टावर रंगाचा डाग होता.

“हजर बाई,” ते म्हणाले, आणि पटकन खाली बसले.

“चौदा.”

डावीकडे बायकांच्या रांगांतून एक आवाज आला. “हजर बाई.” शेजारणीने वळून पाहिलं तेव्हा त्या बाई खाली पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या.

“पंधरा.”

“हजर हाय, बाई.” हा आवाज वरून आला. माईकवाला शिडीवर होता, तोंडातली वायर काढून बोलला होता.

सोळा झाला, सतरा झाला. त्यांत दारापाशी चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला केटरर होता. ताई कुणाचंही नाव घेत नव्हत्या, कुणाकडे बोट दाखवत नव्हत्या. नुसता आकडा म्हणायच्या आणि थांबायच्या. ज्याला उठायचं तो उठे. काही आकड्यांना कुणीच उठलं नाही, तेव्हा त्यांनी “असू दे” म्हणून पुढचा आकडा घेतला. सभागृहात आता कुणी हसत नव्हतं. काय चाललंय, ते बहुतेकांना कळलं नव्हतं. ज्यांना कळलं होतं ते आपल्या चपलांकडे बघत होते.

मग त्यांनी आणखी एक आकडा म्हटला आणि व्यासपीठावरच्या खुर्च्यांकडे वळून थांबल्या. मघापेक्षा जास्त वेळ. भाऊसाहेब कार्यक्रमपत्रिका वाचत होते. तिच्यावर एकंदर सहा ओळी होत्या. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

“राहू द्या,” ताई म्हणाल्या. “तो नेहमीच उशिरा येतो.”

तेवढ्यात चहाची घंटा झाली. त्यांनी खडू जागेवर ठेवला. काहीही न लिहिलेला फळा डस्टरने एकदा पुसला, आणि खाली येऊन पहिल्या बाकावर आपल्या जागी बसल्या.

परतताना मिरची गल्लीतून आम्ही दोघं चालत होतो. कापडवाल्याने वरचं ठाण काढलं, केमिस्ट खोकी मोजत होता. मला राहवलं नाही.

“निदान हेतुकथन तरी करायचंत, ताई. जागेचा प्रश्न होता.”

“आकडा म्हटला की पुढचाच येतो हो तोंडात,” त्या म्हणाल्या. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, “‘बाई’ म्हणाली ना पोरं, सगळीच्या सगळी?”

“म्हणाली,” मी म्हटलं.

“माईकवालासुद्धा म्हणाला. तो पाढ्यात फार रडवायचा मला.” आणि घराकडे वळताना, रोजच्या सवयीने, त्या मागच्या दाराच्या बोळात शिरल्या.

गणिताची जागा उन्हाळ्यात भरली. भाऊसाहेबांच्या एका भाच्याने बी.एड. केलेलं होतं. ताई द्वितीय श्रेणीत पास झाल्या आणि जूनमध्ये सतरंजी पुन्हा अंथरली गेली.

त्या दिवशीच्या प्रत्येक पाठाला गुण द्यावेत असा परिषदेचा नियम होता, म्हणून तज्ज्ञांनी ताईंचं निरीक्षण पत्रकही भरलं. ते पुढे कॉलेजच्या सूचनाफलकावर लागलं. प्रस्तावना शून्य, हेतुकथन शून्य, प्रश्नकौशल्य शून्य, फलकलेखन शून्य, एकूण शून्य. त्यांनी अन्याय केला असं म्हणता येणार नाही. पत्रकात हजेरीला रकाना नाही.